कडेची चिप

सुरेंद्र घोलपांचा आवाज ज्याने ऐकलेला नाही, त्याने गेल्या वीस वर्षांत पुण्यात एकाही समारंभाला हजेरी लावलेली नाही, असं खुशाल समजावं. सत्कार असो, शताब्दी असो, कुणाच्या आत्मचरित्राचं प्रकाशन असो, माइकपाशी घोलप ठरलेले. प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकले तर ते एकटे किल्ला लढवायचे. दिवे गेले, पडदा अडकला, सत्कारमूर्तीच रुसून बसली, तरी प्रेक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही आणि कार्यक्रम मोडायचा नाही, हा त्यांच्या धंद्याचा एकमेव नियम. एका दमात चार ओळींचं वाक्य घ्यायचे आणि शेवटचा शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचवायचे. अशा माणसाला नेमका श्वासच कमी पडावा, याचा मला अजून राग येतो. तो कोणावर काढायचा, ते मात्र कळत नाही.

घरी ते नुसते सुरेन. पाषाणच्या घराचे दोन जिने चढून आला की सुरेन दारात उभा राहून किल्ली शोधायचं नाटक करायला लागला, तिथे सुरुवात झाली. बायको, हेमांगी, ते नाटक बरेच दिवस पाहत होती. मग कोरडा खोकला आला, आणि तिने त्याला डॉ. नाझनीन मुजावरांकडे ओढत नेलं.

मुजावरबाईंनी स्कॅन पडद्यावर लावला. फुफ्फुसांच्या तळाशी कोळिष्टकासारखी जाळी दिसत होती.

"हे व्रण आहेत. फुफ्फुस आतून कडक होत चाललंय," त्या म्हणाल्या.

"कशामुळे?"

"माहीत नाही."

"तुम्हाला, की कुणालाच?"

"कुणालाच."

"मग तुमच्याबद्दल तक्रार नाही," सुरेन म्हणाला. हेमांगीला हसू आलं नाही.

औषध नव्हतं असं नाही. व्रण थांबवणारं, थोडेफार विरवणारंही एक नवं औषध निघालं होतं. पण पोटातून दिलं की ते यकृताची वाट लावायचं. वाफाऱ्याच्या यंत्रातून दिलं की बरंचसं घशातच चिकटायचं. कारण त्या यंत्रातून निघणारे थेंब लहानमोठे. मोठा थेंब घशाच्या वळणावर आपटतो. फारच बारीक थेंब आत जातो आणि उच्छ्वासाबरोबर तसाच बाहेर येतो. मधल्या एका आकाराचे थेंबच खोलवर जाऊन बसतात, आणि तेवढेच थेंब बनवायचे कसे, हे कुणाला जमत नव्हतं.

हेमांगीला जमण्यासारखं होतं. ती त्या वेळी छोट्या उपग्रहांना ढकलणारी इंजिनं बनवत होती, आणि ती इंजिनंही थेंबांवरच चालत. तत्त्व सोपं आहे. केसाहून बारीक तोटीच्या टोकाशी द्रवाचा थेंब लटकवायचा आणि त्याला जबर व्होल्टेज द्यायचं. विजेच्या ओढीने थेंबाचं गोल पोट ताणलं जातं आणि त्याचा शंकू होतो. शंकूच्या टोकातून तोटीपेक्षाही कितीतरी बारीक धार निघते, आणि ती धार तुटून एकसारखे थेंब पडतात. सगळ्यांवर सारखाच विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांपासून दूर पळतात, त्यामुळे दोन थेंब मिळून मोठा होत नाही. तोंडात शिरण्याआधी तो भार काढून घेतला की झालं. अडचण एवढीच की एका तोटीतून निघणारं औषध नगण्य. माणसाला पुरायचं तर हजारो तोट्या शेजारीशेजारी हव्यात, आणि सगळ्यांची भोकं तंतोतंत सारखी हवीत. एखादं भोक जरा रुंद झालं की त्यातून द्रव जास्त येतो आणि थेंब मोठा होतो.

हेमांगीने उपग्रह सोडून दिले. सिलिकॉनच्या ताटलीएवढ्या चकतीवर प्लाझ्माने, म्हणजे विजेने पेटवलेल्या वायूने, तोट्या कोरायच्या, मग चकती कापून नखाएवढ्या चिपा काढायच्या, एक चिप एका यंत्रात बसवायची. पांढऱ्या पोशाखात, फक्त डोळे उघडे ठेवून ती प्रयोगशाळेतल्या धूळमुक्त खोलीत दिवस काढायला लागली. तिच्या संस्थेला वाटलं, बाईला नवा विषय सापडला. विषय घरी खोकत बसला होता.

यंत्राला नाव सुरेनने दिलं. "शीकर म्हण. शीकर म्हणजे तुषार. आणि सांगायला सोपं, तीन अक्षरं. मला आता तेवढीच परवडतात."

पहिल्या चकत्यांत एक खोड होती. प्लाझ्मा मध्यभागी नीट कोरायचा, पण कडेला जरा जास्तच खायचा. त्यामुळे कडेच्या चिपांवर काही तोट्या रुंद, काही बरोबर, काही अर्धवट. प्रयोगशाळेत अशा चिपा मोडीत टाकत. मधल्या चांगल्या चिपा थोड्याच निघत, आणि त्या मुजावरबाईंच्या रुग्णालयात चाचणीला आलेल्या रुग्णांना जात. सुरेनचा आजार चाचणीच्या नियमांत बसण्याच्या पलीकडे गेला होता. त्याच्यासाठी बाईंनी वेगळी परवानगी काढली. चिप कुठली द्यायची, हे हेमांगीने ठरवलं.

तिच्या माहेरी दिवाळीत एक रीत होती. अख्खे लाडू शेजारच्या ताटांत आणि पाहुण्यांपुढे. वळताना फुटलेले, बसके झालेले ते घरच्यांना. तिच्या हातचे लाडू नेहमीच फुटत, त्यामुळे सुरेनची चैन असायची.

"रांगेतल्या पेशंटची चिप काढून मी नवऱ्याला देणार नाही," ती म्हणाली. "तुला कडेची. चालेल?"

"फुटका लाडू."

"फुटका लाडू," ती म्हणाली, आणि मग तिला फार वाईट वाटलं.

कडेची चिप यंत्रात घालून सुरेन रोज सकाळी खिडकीपाशी बसायचा. नळी ओठांत धरून संथ श्वास घ्यायचा. श्वास पुरेसा असला की नारिंगी दिवा हिरवा व्हायचा आणि औषध सुटायचं. पावसाळा सरेपर्यंत तो जिना न थांबता चढायला लागला. दिवाळी पहाटच्या कार्यक्रमाला तो पुन्हा माइकपाशी उभा राहिला, आणि पहिल्या रांगेत बसलेली हेमांगी त्याचे शब्द न ऐकता नुसते श्वास ऐकत राहिली. चाचणीतले बहुतेक रुग्णही सुधारत होते. मुजावरबाई पेढे घेऊन घरी आल्या.

पुढच्या वर्षी तोट्या कोरायचं नवं यंत्र आलं. ते कोरता कोरता स्वतःच मोजायचं आणि स्वतःला दुरुस्त करायचं. मध्यापासून कडेपर्यंत एकूण एक तोटी सारखी. जुन्या कडेच्या चिपांचा नियमाप्रमाणे चुरा झाला. सुरेनच्या वाढदिवसाला हेमांगीने आपल्या कुड्यांची मखमली डबी त्याच्यापुढे ठेवली. आत नवी चिप होती.

"ही मी स्वतः निवडली. आता फुटके लाडू बंद," ती म्हणाली. इतकी खुशीत त्याने तिला लग्नातही पाहिलेली नव्हती.

महिना उलटला आणि सुरेन पुन्हा किल्ली शोधायला लागला.

"जुनी बरी होती," एकदा जेवताना तो म्हणाला.

"तुला जुनं सगळंच बरं वाटतं. जुना फ्रिज बरा होता. जुनी स्कूटर बरी होती. जुन्या घरातला पंखासुद्धा बरा होता, तो डोक्यात पडला तरी."

हे खरंच होतं, त्यामुळे त्यालाही हसू आलं आणि हसण्यातून खोकला. ती उठून पाणी घेऊन आली. तिची समजूत अशी की आजारच पुढे सरकतोय. ती रोज श्वास मोजायच्या घरच्या मीटरवरचे त्याचे आकडे पाहायची आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायची. नळ कशाला सोडलाय हे सुरेनला कळायचं. अशा बाईला पुन्हा एकदा 'जुनी बरी होती' म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं.

चिप काही महिन्यांत बुजते आणि बदलावी लागते, म्हणून जास्तीच्या आणून ठेवलेल्या दोन कडेच्या चिपा त्याच्या दाढीच्या डब्यात राहून गेल्या होत्या. चुरा करायच्या वेळी त्या हेमांगीच्या लक्षात आल्या नाहीत. एका सकाळी ती कामावर गेल्यावर त्याने नवी चिप काढली आणि जुनी बसवली. नुसतं बघायला, असं त्याने स्वतःला सांगितलं.

बघता बघता त्याचा आवाज परतला. पंधरवड्यात आकडे चढायला लागले, दुसऱ्या महिन्यात तो गच्चीवर जाऊन आला. हेमांगी मीटर हातात घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली ती उठेचना.

"शरीराला सवय व्हायला वेळ लागला," ती म्हणत होती. "लागू पडली, सुरेन. माझी चिप लागू पडली."

त्याने सांगायला तोंड उघडलं होतं. पण ती रडत होती, आणि या खेपेला नळ न सोडता, त्याच्यासमोर.

"हो," तो म्हणाला.

सांगू सावकाश, असं त्याने ठरवलं. आधी तिला नीट झोपू दे, मग सांगू. वाईट माणसाने असा विचार केला नसता, आणि म्हणून पुढचं सगळं मला अधिक लागतं.

शीकरला सरसकट परवानगी द्यायची की नाही, हे ठरवणाऱ्या समितीला एकच शंका होती. साध्या रुग्णांना गुण येतो, हे दिसतच होतं. पण ज्यांची फुफ्फुसं आजाराने वेडीवाकडी झालेली आहेत त्यांचं काय? चाचणीत असे रुग्ण नव्हतेच म्हटलं तरी चालेल. वेगळ्या परवानगीवर तिघे-चौघे होते, त्यातले बाकीचे जागच्या जागी, आणि एक मात्र नव्या चिपेवर झपाट्याने सुधारलेला. हेमांगीने त्या एकाचा आलेख समितीपुढे ठेवला. तो आपला नवरा आहे हेही तिने सांगितलं. समितीचं समाधान झालं. सुरेनला तिने यातलं काही सांगितलं नाही, कारण परवानगी आल्यावर त्याला चकित करायचं होतं.

तोवर दाढीच्या डब्यातली दुसरी चिपही संपली. तोट्यांत औषधाची पुटं चढतात आणि त्या बुजतात. सुरेनने ती कचऱ्यात टाकली आणि कुड्यांच्या डबीतली नवी चिप पुन्हा बसवली.

लोकार्पणाचा सोहळा संस्थेच्या सभागृहात झाला. निवेदक कोण, हा प्रश्नच नव्हता. मंचावर येताना सुरेनने खांबाला हात लावून दम घेतला, तो प्रेक्षकांना नमस्काराचा भाग वाटला. वाक्यं त्याने मुद्दाम तोकडी लिहून आणली होती. मधे मधे थांबत होता, तर लोकांना ती त्याची नवी शैली वाटली आणि टाळ्या पडल्या.

संचालकांचं भाषण सुरू झालं. "गंभीर अवस्थेतल्या रुग्णांनी जुनी वाफाऱ्याची यंत्रं आता खुशाल अडगळीत टाकावीत," ते म्हणाले, आणि मागच्या पडद्यावर एक आलेख उमटला. नाव नव्हतं. पण वाढदिवसानंतर उतरत गेलेली आणि मग एका ठिकाणी वळून ताठ वर चढलेली ती रेघ सुरेनने ओळखली. ज्या सकाळी त्याने दाढीचा डबा उघडला, तिथेच ती वळली होती.

माइक त्याच्या हातात होता. समोर चारशे माणसं, वर्तमानपत्रवाले, पहिल्या रांगेत अबोली रंगाची साडी नेसलेली हेमांगी. हा आलेख खोटा आहे, एवढं एक वाक्य पुरे होतं. तेवढा श्वासही त्याच्याकडे होता. पण आयुष्यात त्याने कधी कार्यक्रम मोडला नव्हता. हात, जीभ, पाय, सगळं त्याच नियमात मुरलेलं. त्याने कागद वर केला आणि उरलेला सगळा श्वास एका वाक्यात घालून म्हटलं, "आता मी मंचावर बोलावतो या थेंबांच्या शिल्पकार, डॉ. हेमांगी घोलप यांना." शेवटचा शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचला. त्यानंतर तो खाली बसला तो शेवटपर्यंत उठला नाही.

गाडीत बसल्यावर, ती चावी फिरवायच्या आत, त्याने सांगितलं. तुकड्या तुकड्यांनी सांगितलं, कारण अखंड बोलता येत नव्हतं.

हेमांगी ओरडली नाही. मांडीवरचा पुष्पगुच्छ तिने मागच्या सीटवर ठेवला.

"कधी बदललीस?"

त्याने सांगितलं.

"आता कुठायत त्या?"

"कचऱ्यात गेल्या. बुजल्या होत्या."

 ती नेहमी व्याख्यानात बोलते तशा आवाजात बोलायला लागली, आणि ते ऐकणं सुरेनला तिच्या रडण्यापेक्षा अवघड गेलं. "फुफ्फुस म्हणजे मजल्यांची इमारत समज. थेंबाच्या आकारावर त्याचा मजला ठरतो. आम्ही निरोगी इमारतीचा आराखडा धरून आकार काढला. ज्यांचा आजार फार पुढे गेलेला नाही, त्यांच्या इमारती अजून तशाच आहेत. तुझ्या व्रणांनी वाटा ओढून वाकड्या केल्यात, काही रुंद, काही अरुंद. माझे सगळे थेंब एकाच मजल्यावर उतरतात, आणि तुझा आजार तिथे नाही. कडेच्या चिपेतून लहानमोठे सगळे यायचे. बरेच फुकट जायचे. पण सगळ्या मजल्यांवर थोडे थोडे पोचायचे."

"म्हणजे बरी होती," सुरेन म्हणाला.

"बरी होती. तू सांगितलं होतंस."

मग मात्र तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पार्किंगमधली एकेक गाडी निघून गेली. जाताना लोक काचेवर टकटक करून अभिनंदन करत होते, आणि सुरेन त्यांना हसून हात दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी ती संचालकांकडे गेली, मग समितीकडे. तिने काहीही लपवलं नाही. त्यांनी चिपा मागितल्या, त्या नव्हत्या. मग उरलं काय, तर नवरा सांगतो ते. समितीतली माणसं दुष्ट नव्हती. त्यांचं म्हणणं असं की दहातल्या नऊ जणांना जे यंत्र जगवतंय, ते एका कहाणीवरून कसं थांबवायचं? अभ्यासगट नेमू, नवी चाचणी घेऊ, दोन-तीन वर्षांत चित्र स्पष्ट होईल. मुजावरबाईंनी आपल्या गंभीर रुग्णांना फोन करून जुन्या यंत्रांकडे वळायला सांगितलं. काहींनी ती भंगारात दिली होती. काहींच्या घरी दुसऱ्याच कुणीतरी फोन उचलला.

हेमांगी मग चूक करायला बसली. तोट्या मुद्दाम लहानमोठ्या कोराव्यात, इतकंच करायचं होतं. पण नवं यंत्र तिला चूक करू देईना. ती मापं बिघडवायची, ते परत दुरुस्त करायचं. तोट्यांचं वेगळं रेखाटन तिने आठवड्यात तयार केलं, तर परवानगी मिळालेल्या उत्पादनात काडीचाही बदल करता येत नाही, असं संस्थेने कळवलं. परदेशातल्या एका कारखान्याने तयारी दाखवली आणि पुढच्या उन्हाळ्यातली तारीख दिली. जुनं कोरायचं यंत्र कुठल्याशा महाविद्यालयाला दान गेलं होतं. तिथे जाऊन पाहिलं तर त्याची पंपासकट खोलाखोल झालेली होती. वाफाऱ्याच्या यंत्राने सुरेनला थोडं धरून ठेवलं, पण जेवढे महिने हातचे गेले होते तेवढे परत येईनात.

"उन्हाळ्यापर्यंत?" तिने मुजावरबाईंना विचारलं.

बाईंनी तिचा हात हातात घेतला.

दिवाळी आली. सुरेन हॉलमध्ये ऑक्सिजन लावून बसलेला असायचा. शीकर शेजारच्या तिपाईवर होतं. वाफारा घेऊन झाला की कधी कधी तो सवयीने त्याचीही नळी ओठांत धरायचा. दिवा नारिंगीच राहायचा. हिरवा व्हायला जेवढा श्वास लागतो तेवढा आता त्याच्याकडे नव्हता, आणि यंत्र कमी श्वासावर औषध सोडत नव्हतं. ही काळजी हेमांगीनेच घेतली होती, औषध वाया जाऊ नये म्हणून.

तिने रव्याचे लाडू केले. करायचे नव्हते, पण सुरेनने दोनदा विचारलं. गेली काही वर्षं प्रत्येक गोष्ट मोजायची सवय लागलेली. पाक थर्मामीटर लावून उतरवला, एकेक गोळा काट्यावर तोलून वळला. शेजारच्या ताटांत लाडू मांडून झाल्यावर ती डबा घेऊन त्याच्यापाशी आली आणि सगळ्यात सुबक लाडू निवडून त्याच्यापुढे धरला.

त्याने मान हलवली. बोलायला त्याला वेळ लागला, आणि ती थांबली.

"फुटका दे," तो म्हणाला.

तिने लाडू परत ठेवला आणि डब्यात पाहिलं. वरचा थर काढला, खालचा काढला. मग ती जमिनीवर बसली, पदरावर सगळा डबा उपसला आणि एकेक लाडू हातात घेऊन पाहायला लागली. एकही फुटलेला नव्हता.